‘रुळलेले मूल’ : रॉबर्टसन दांपत्याच्या चित्रपटांचे परीक्षण

१

बालक आणि त्याचा सांभाळ करणारी व्यक्ती यांच्यातील भावबंध, व तो तुटल्यामुळे किंवा मुळात न जुळल्यामुळे उद्भवणाऱ्या अडचणी, यांविषयीच्या विचारात जॉन बोल्बी यांच्या ग्रंथांचे स्थान सर्वमान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली त्यांनी लिहिलेल्या अहवालापासून या विषयाच्या अभ्यासाला निश्चित दिशा मिळाली, असे सामान्यतः मानले जाते. त्या मानाने बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन आणि त्यांच्या पत्नी जॉइस रॉबर्टसन यांनी केलेल्या चित्रपटांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांतून एखाद्या परिच्छेदापुरताच येतो. हे चित्रपट म्हणजे सिद्धांताला जोडलेली उदाहरणे, अशी समजूत त्यामागे असावी. ही समजूत बरोबर नाही. बालकाचे वर्तन ही एक प्रकारची भाषा आहे आणि ती चुकीची वाचली जाऊ शकते, हा विचार या चित्रपटांनी जितक्या स्पष्टपणे मांडला तितका तत्कालीन ग्रंथांनी मांडलेला नाही. म्हणूनच त्यांचे परीक्षण स्वतंत्रपणे व्हावयास हवे. त्यांनी कोणते वाचन दुरुस्त केले, हे त्यात पाहावे लागेल. तसेच कोणते वाचन त्यांच्याही हातून निसटले, याचाही शोध घ्यावा लागेल.

प्रस्तुत परीक्षणासाठी तीन चित्रपट विचारात घेतले आहेत. पहिला, दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयातील वास्तव्यावरील १९५२ सालचा चित्रपट. दुसरा, जेन या सतरा महिन्यांच्या मुलीवरील १९६८ सालचा. आणि तिसरा, जॉन या तितक्याच वयाच्या मुलावरील १९६९ सालचा. शेवटचे दोन ‘अल्पकालीन वियोगातील बालके’ या मालिकेतील आहेत.

२

रॉबर्टसन दांपत्याची निरीक्षणाची शिस्त ज्या ठिकाणी घडली, त्याचा निर्देश प्रथम करावयास हवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड यांनी चालविलेल्या हॅम्पस्टेड येथील बालगृहांत हे दोघे कामाला होते. त्यांपैकी जेम्स रॉबर्टसन यांच्याकडे इमारतीच्या देखभालीचे व बॉयलरचे काम होते. मुलांविषयी जे दिसेल ते चिठ्ठीवर टिपून ठेवण्याचा तेथील दंडक सर्व सेवकांना लागू होता. निदान करण्याआधी नोंद करावी, ही सवय त्यांना तेथे लागली. पुढे १९४८ साली जेम्स रॉबर्टसन बोल्बी यांच्या संशोधनात सहभागी झाले आणि रुग्णालयांतील लहान मुलांचे निरीक्षण हे त्यांचे मुख्य कार्य बनले.

त्या काळातील ब्रिटिश रुग्णालयांत लहान मुलांना भेटण्याच्या वेळा अत्यंत मर्यादित असत. आईवडील येऊन गेले की मूल रडते. ते न आल्यास एकदोन दिवसांत शांत होते. यावरून भेटी मुलाला त्रासदायक होतात, असा निष्कर्ष परिचारिका आणि डॉक्टर काढीत. मूल आता रुळले आहे, असे ते म्हणत. रॉबर्टसन यांनी या शांततेच्या तीन अवस्था वर्णिल्या : प्रथम आक्रोश, नंतर निराशा आणि शेवटी नकार. तिसऱ्या अवस्थेतील मूल हसते, खाते, येईल त्याच्याकडे जाते. परंतु आई आली तर तिच्याकडे पाठ फिरविते. रुग्णालय ज्याला रुळणे म्हणत होते, ते रॉबर्टसन यांच्या मते भावबंधाचे आतल्या आत मिटून जाणे होते.

तोंडी सांगून हे कोणाला पटले नाही. म्हणून १९५२ सालचा चित्रपट तयार झाला. त्यातील लॉरा ही मुलगी दोन वर्षे पाच महिन्यांची असून बेंबीच्या हर्नियावरील शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस रुग्णालयात होती. प्रवेशाच्या यादीतून तिची निवड यदृच्छेने करण्यात आली होती. आणि सोयीचे तेवढेच टिपले असा आक्षेप येऊ नये, म्हणून दररोज ठराविक वेळी चित्रण करण्याचा नियम पाळण्यात आला होता. लॉरा ही फारशी न रडणारी मुलगी निघाली. चित्रपटाच्या दृष्टीने ही प्रतिकूल गोष्ट होती. पण त्याचे सामर्थ्य नेमके तिच्यातच आहे. ती खेळत असते आणि खेळता खेळता, रडू न आणता, आई कोठे आहे असे हलक्या आवाजात विचारते. परिचारिकेने प्रेमाने जवळ घेतले की तिचा संयम सुटतो. परिचारिका गेली की चेहरा पुन्हा निर्विकार होतो. आई भेटीला येते तेव्हा ती तोंड फिरविते. आणि घरी जाताना आईचा हात धरण्यास नकार देते.

चित्रपट मूक असून त्यावर निवेदन जोडलेले आहे, ही बाब भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लॉराचे शब्द प्रेक्षकाला तिच्या आवाजात ऐकू येत नाहीत. ते निवेदकाच्या तोंडून कळतात. ही उणीव खरी आहे. कारण स्वराचा चढउतार, शब्दांमधील विराम, वाक्याचे अर्धवट तुटणे, या साऱ्या पुराव्याला प्रेक्षक मुकतो. मात्र तिचा एक अनपेक्षित लाभही झाला आहे. आवाज नसल्यामुळे प्रेक्षकाची दृष्टी चेहऱ्याकडे आणि हातांकडे वळते, आणि न रडणाऱ्या मुलाचे दुःख त्याला प्रथमच दिसते. रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिन येथे १९५२ च्या नोव्हेंबरात हा चित्रपट दाखविला गेला, तेव्हा अनेक डॉक्टरांनी त्यावर रोष प्रकट केला. ही मुलगी अपवादात्मक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु आपल्या विभागात परत गेल्यावर त्यांच्यातील काहींना अनेक लॉरा दिसू लागल्या. पुढे १९५९ साली प्लॅट समितीच्या अहवालाने मुलांना भेटण्यावरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांसमवेत मातांना राहू द्यावे, अशी शिफारस केली. एखाद्या कृतीने समाजाची वाचनाची सवय बदलली, असे क्वचितच म्हणता येते. येथे ते म्हणता येईल.

३

जेन व जॉन या दोघांवरील चित्रपटांचा हेतू अधिक सूक्ष्म आहे. दोघेही सतरा महिन्यांचे. दोघांच्याही माता बाळंतपणासाठी रुग्णालयात गेलेल्या. दोघांचाही वियोग जेमतेम नऊदहा दिवसांचा. जेन दहा दिवस रॉबर्टसन यांच्याच घरी राहिली. तेथे जॉइस रॉबर्टसन यांनी पूर्ण वेळ तिच्यासाठी ठेवला होता. आधीपासून ओळख करून घेतली होती. खाणे, झोपणे, खेळणे यांचा घरचा क्रम शक्यतो सांभाळला होता. वडील भेटीस येत असत. जॉन नऊ दिवस एका निवासी बालगृहात राहिला. हे बालगृह परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी मान्यता पावलेले होते. तेथील तरुण परिचारिका प्रेमळ होत्या. परंतु त्यांना मुले नेमून दिलेली नव्हती, कामे नेमून दिलेली होती. जिने सकाळी कपडे घातले ती दुपारी दिसत नसे. जिने भरविले ती रात्री नसे.

जॉन प्रारंभी प्रत्येक परिचारिकेजवळ जाण्याचा यत्न करतो. प्रत्येक वेळी दुसरे एखादे मूल त्याच्याआधी तेथे पोहोचते, किंवा परिचारिकेची पाळी संपते. हळूहळू त्याचे यत्न कमी होतात. तो एका मोठ्या कापडी अस्वलाला बिलगू लागतो, जेवण नाकारतो, दीर्घकाळ रडतो. नवव्या दिवशी आई येते तेव्हा तो किंचाळतो आणि तिच्या मांडीवरून निसटू पाहतो. जेनलाही वियोगाचा ताण जाणवतो. परंतु तिच्या वर्तनाची घडी मोडत नाही. यावरून रॉबर्टसन दांपत्याने असे प्रतिपादन केले की, वियोग आणि वियोगातील निकृष्ट सांभाळ या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या पाहिजेत. बदली सांभाळ उत्तम असेल तर तीव्र आक्रोश अटळ नाही. बोल्बी यांना हे मान्य झाले नाही. त्यांच्या मते दुःखाची जात एकच, केवळ तीव्रता कमीअधिक.

या वादात पुराव्याची बाजू कोणाचीच भक्कम नाही, हे नमूद केले पाहिजे. दोन बालकांच्या तुलनेत वय सारखे असले तरी स्वभाव, लिंग आणि घरातील पूर्वेतिहास सारखे नसतात. शिवाय जेनच्या बाबतीत निरीक्षण करणारा व सांभाळ करणारा पक्ष एकच आहे. जॉनच्या बाबतीत निरीक्षक उपस्थित होते, पण सांभाळ त्यांच्याकडे नव्हता. तेव्हा चांगल्या सांभाळाची तुलना वाईट सांभाळाशी होत असतानाच आत्मीय दृष्टीची तुलना तटस्थ दृष्टीशीही होत आहे. आणि हे दोन फरक एकमेकांपासून सोडविता येत नाहीत.

तथापि जेनवरील चित्रपटातील दोन निरीक्षणे या वादाहून अधिक मोलाची आहेत. पहिले तिच्या हसण्याविषयीचे आहे. सुरुवातीच्या दिवसांत ती फार हसत असे आणि सांभाळणाऱ्यांना ती आनंदी वाटली. पुढे तिच्या घरच्यांकडून समजले की, आईवडील रागावले असता त्यांची मनधरणी करण्यासाठी ती असेच हसते. म्हणजे ज्यांनी लॉराची शांतता अचूक वाचली, त्यांनाही जेनचे हसू वाचण्यासाठी तिच्या घरचा कोश लागला. दुसरे निरीक्षण असे : जवळच असलेल्या स्वतःच्या घराचे फाटक तिने ओळखले, ते उघडण्याचा प्रयत्न केला, आणि वियोगानंतर प्रथमच आईला हाक मारणारा शब्द उच्चारला. सतरा महिन्यांच्या मुलाजवळ आईचे स्मरण असते. परंतु ते शब्दात ठेवलेले नसते, जागेत आणि वस्तूत ठेवलेले असते. याच मालिकेतील केट व थॉमस ही मुले सुमारे अडीच वर्षांची होती. आईविषयी बोलणे, तिचे छायाचित्र दाखविणे, ती कधी येणार हे सांगणे यांचा त्यांना आधार झाला. भाषा अवगत झालेले मूल अनुपस्थित माणसाला वाक्यात जपू शकते. भाषेच्या उंबरठ्यावरील मुलाला तेच साहाय्य ओळखीच्या पांघरुणातून आणि रोजच्या क्रमातून द्यावे लागते. या मालिकेचे हे सर्वांत उपयुक्त फलित म्हणता येईल.

४

येथवर गुणांचा विचार झाला. जॉनवरील चित्रपटात मात्र एक गंभीर दोष आहे, आणि तो आजवरच्या चर्चेत पुरेसा पुढे आलेला नाही. जॉनला सतत मागे लोटणारी जी दुसरी मुले चित्रपटात दिसतात, ती कोण आहेत? ती जवळजवळ जन्मापासून त्या बालगृहात राहणारी मुले आहेत. नऊ दिवसांनी त्यांना न्यावयास कोणीही येणार नाही. परिचारिकेच्या मांडीसाठी झगडणे, तिचा पदर न सोडणे, नव्या मुलाला ढकलणे हे वर्तन ती मुले ज्या व्यवस्थेत वाढली तिने त्यांना शिकविले आहे. ज्याने हे शिकले नाही त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. चित्रपटाला ही वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि ती सांगितलीही जाते. परंतु रचनेत या मुलांचे स्थान जॉनच्या मार्गातील अडथळ्यांचे आहे. प्रेक्षकाचा सारा कळवळा जॉनकडे वाहतो, आणि त्या गोंगाट करणाऱ्या मुलांविषयी मनात राग उत्पन्न होतो.

येथे चित्रपट स्वतःच्याच शिकवणीला अपुरा पडतो. शांत मुलाचे दुःख वाचावयास त्याने शिकविले. परंतु दांडग्या मुलाचे दुःख त्याने न वाचताच पार्श्वभूमीला ठेवले. वस्तुतः भावबंधाच्या अडचणी या शब्दाने ज्यांचा निर्देश व्हावा, ती मुले प्राधान्याने हीच होत. जॉनचा बंध होता. त्यावर आघात झाला. या मुलांना बंध जुळविण्यास कोणी एक व्यक्तीच लाभली नाही. मायकेल रटर यांनी १९७२ साली मातृवियोगाच्या कल्पनेचे जे पुनर्मूल्यमापन केले, त्यातील मर्म हेच आहे : असलेला बंध गमावणे आणि बंध कधीच न लाभणे या दोन भिन्न आपत्ती असून त्यांचे परिणामही भिन्न असतात.

उत्तरकालीन संशोधनाने हा भेद अधिक स्पष्ट केला. रुमानियातील बुखारेस्ट येथे संस्थांत वाढणाऱ्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकण्याच्या पद्धतीने प्रतिपालक कुटुंबांत ठेवून दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. कुटुंबात गेलेल्या मुलांचे भावबंध संस्थेतील मुलांपेक्षा अधिक सुरक्षित झाले. आणि जी लवकर गेली त्यांना अधिक लाभ झाला. कोणाकडेच न जाणारे, मिटून गेलेले मूल कुटुंबात बरेच लवकर सुधारले. परंतु कोणाही अनोळखी माणसाकडे बेधडक जाणाऱ्या मुलांचे वर्तन तितक्या सहजतेने बदलले नाही. २०१३ सालच्या अमेरिकन वर्गीकरणात या दोन प्रकारांना दोन स्वतंत्र विकार मानण्यात आले आहे. दुसऱ्या प्रकारचे मूल पाहुण्यांना गोड वाटते आणि प्रेमळ म्हणून त्याचे कौतुक होते. लॉराच्या शांततेप्रमाणेच ही सलगीही बहुधा चुकीची वाचली जाते.

५

वाचनाच्या या चुका केवळ इंग्रजीभाषक परिचारिकांच्या नव्हेत. प्रत्येक भाषेत त्यांना अनुकूल शब्द तयार असतात. मराठीतील ‘रुळणे’ हे क्रियापद या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. सासरी आलेली मुलगी रुळते, नवा नोकर रुळतो, शाळेत घातलेले मूल रुळते. आणि पायांखाली तुडवली जाऊन वाटही रुळते. क्रियापद अकर्मक असल्यामुळे रुळविणारा कोण आणि त्याची किंमत कोणी दिली, हे प्रश्न वाक्यात उद्भवतच नाहीत. ‘शहाणे मूल’ या प्रयोगात शहाणपणाचा अर्थ पुष्कळदा मोठ्यांना त्रास न देणे एवढाच असतो. उलट ‘द्वाड’, ‘हट्टी’, ‘लोचट’ ही विशेषणे वर्तनाचे वर्णन करतात असे भासवून त्याचे कारण मुलाच्या प्रकृतीत नेऊन ठेवतात. एकदा विशेषण लागले की निरीक्षण थांबते.

याच मराठीत दुसरी सामग्रीही आहे. भावबंधासाठी परिभाषेत ‘आसक्ती’, ‘अनुबंध’ असे पर्याय सुचविले जातात. त्यांपैकी ‘आसक्ती’ला संतवाङ्मय आणि वेदान्त यांच्या परंपरेने त्याज्यतेची छटा चिकटलेली आहे, मुलाच्या मूलभूत गरजेला ते नाव देणे अनिष्ट होय. बोलीतला ‘लळा’ हा शब्द अधिक अर्थपूर्ण आहे. मूल लळा करीत नाही. मुलाला लळा ‘लागतो’. तहान, भूक, झोप यांप्रमाणे येथेही अनुभवणारा चतुर्थीत येतो. तो कर्ता नसतो. आणि प्रयोजक रूप घेतले की कर्ता म्हणून मोठे माणूस पुढे येते : लळा ‘लावणारे’ कोणीतरी असावे लागते. ‘भावबंधाच्या अडचणी असलेले मूल’ ही पदरचना अडचण मुलाच्या ठिकाणी ठेवते. ‘ज्याला कोणी लळा लावला नाही असे मूल’ ही रचना तीच अडचण दोन व्यक्तींच्या संबंधात ठेवते. व्याकरणावरून मानसशास्त्र सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु चौकशी कोठून सुरू करावी याची दिशा त्यातून मिळते.

ही दिशा चुकली असता काय होते, याचे एक भीषण उदाहरण उपलब्ध आहे. भावबंधाचा दोष मुलाच्या आत साचलेला आहे आणि तो बळाने बाहेर काढता येतो, अशा समजुतीवर उभारलेले उपचार अमेरिकेत काही काळ प्रचलित होते. २००० साली कोलोरॅडो राज्यात पुनर्जन्माचे नाटक घडविणाऱ्या अशा एका उपचारात, चादरीत गुंडाळून दाबून धरलेली दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून मरण पावली. श्वास घेता येत नसल्याचे ती सांगत होती. उपस्थितांनी ते तिच्या प्रतिकाराचे लक्षण मानले. मुलाचे स्पष्ट शब्दही ‘विकार’ म्हणून वाचले जाऊ शकतात, याहून अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.

६

या चित्रपटांतून व त्यांतील उणिवेतून निघणारे व्यावहारिक निष्कर्ष थोडेच, पण निश्चित आहेत. सांभाळ करणाऱ्यांना कामे वाटून न देता मुले वाटून द्यावीत. लहान मुलाची नेहमीची वस्तू, खाणे व झोपण्याची रीत जपावी. बोलत्या मुलापाशी अनुपस्थित माणसाचे नाव टाळू नये. परत आलेल्या आईवर मूल रागावले तर तो बंध तुटल्याचा पुरावा समजू नये. बहुधा तो बंध शिल्लक असल्याचा पुरावा असतो, आणि तो राग सोसणे हाच साहाय्याचा पहिला भाग आहे. ज्या मुलाला कोणीच लाभले नाही, त्याच्यासाठी एक माणूस, तोच माणूस, दीर्घकाळ असावा. त्याचा दांडगेपणा ही त्याने जगण्यासाठी शिकलेली भाषा आहे. ती तिरस्काराने विसरत नाही, निरुपयोगी झाली म्हणजे गळून पडते.

भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ४४ ने प्रतिपालक कुटुंबाची तरतूद केलेली आहे. शिशुगृहांत काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणात जॉनवरील चित्रपट आजही दाखविण्यासारखा आहे. मात्र तो दोनदा दाखवावा : पहिल्यांदा जॉनकडे पाहण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा त्याला ढकलणाऱ्या मुलांपैकी कोणत्याही एकाकडे, नऊ दिवस संपल्यावरही तेथेच राहणाऱ्या मुलाकडे, पाहण्यासाठी. ज्या कृतीने न रडणाऱ्या मुलाचे रडणे दाखवून दिले, तिच्याकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे नाही. कारण ते दृश्य तिच्या चौकटीत आहे. ते पाहणे मात्र प्रेक्षकाकडेच राहिले आहे.